थोरांची ओळख : सोजर्नर ट्रुथ



महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ते अर्पण केले. बाईंनी हे सांगितले तेव्हा मला वाटले, ते गुलाम होते तरी कोण? त्यांच्यातल्याच एका थोर स्त्रीची ही माहिती मी देत आहे.

सोजर्नर ट्रुथ यांचा जन्म १७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात झाला. आईबाप गुलाम, म्हणून लेकरूही गुलाम! तिचे नाव इझाबेला. घरात डच भाषा बोलत. ती नऊ वर्षांची असताना लिलावात मेंढरांच्या कळपासोबत तिला १०० डॉलरला विकले. माझी धाकटी बहीण तेवढीच आहे. नव्या मालकाची इंग्रजी तिला समजेना, म्हणून तिने फार मार खाल्ला.

१८२६ साली तान्ह्या मुलीला घेऊन ती पहाटेच निघाली. बाकीची मुले मागे ठेवावी लागली. पुढच्याच वर्षी त्या राज्यातली गुलामी कायद्याने संपली. पण तिचा लहानगा पीटर याला बेकायदा दूर अलाबामात विकले होते. लिहिता-वाचता येत नसताना ती कोर्टात गेली आणि १८२८ साली मुलगा परत मिळवला.

१८४३ साली त्यांनी स्वतःच नवे नाव घेतले. त्याचा अर्थ, सत्य सांगत फिरणारी वाटसरू. मग गावोगाव त्यांची भाषणे होऊ लागली.

१८५१ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी, स्त्रियांच्या हक्कांच्या सभेत त्या बोलल्या. ते भाषण लगेच वर्तमानपत्रात छापून आले. पण बारा वर्षांनी, १८६३ साली, फ्रान्सिस गेज या गोऱ्या बाईंनी ते पुन्हा लिहिले. ट्रुथबाई उत्तरेकडच्या, तरी त्यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली. मुले पाच होती, ती तेरा केली! गेजबाई काही शत्रू नव्हत्या, त्यांच्याच बाजूच्या होत्या. तरीही तेच खोटे रूप जगभर गाजले.

ट्रुथबाईंनी मात्र आपले रूप आपणच ठरवले. फोटोत त्या नीटनेटक्या कपड्यांत, खांद्यावर शाल, डोळ्यांवर चष्मा, हातात विणकाम घेऊन बसल्या आहेत. हे फोटो विकून त्या आपला खर्च भागवत. १८६४ साली त्यांनी फोटोचा हक्कही स्वतःच्या नावावर नोंदवला.

माझी आजी अंगठा करते. परवा तिने सांगितलेला अर्ज मी लिहिला, तेव्हा चांगला दिसावा म्हणून माझ्या मनाची दोन वाक्ये घातली. वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली की हे मी बोललेच नाही. तेव्हा मला राग आला होता. हे चरित्र वाचल्यावर मी तो कागद फाडला आणि आजीचेच शब्द पुन्हा लिहिले.

२६ नोव्हेंबर १८८३ रोजी बॅटल क्रीक गावी ट्रुथबाई वारल्या. २००९ साली अमेरिकेच्या संसद भवनात त्यांचा अर्धपुतळा बसवला. तिथे असा मान मिळालेली ती पहिली काळी स्त्री.

म्हणून मित्रांनो, दुसऱ्याविषयी लिहिताना आधी त्याचे नीट ऐकून घ्यावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी