टेरी फॉक्स : कर्करोगाशी झुंजलेला धावपटू

पुण्याहून मुळशी धरणाकडे यायचे तर चाळीस-बेचाळीस किलोमीटरची वाट पडते. जवळजवळ तेवढे अंतर रोज एका कृत्रिम पायावर धावणारा एक तरुण होऊन गेला. क्रीडांगणावर मागे पडणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी त्याचे चरित्र येथे देत आहोत.

टेरी फॉक्स याचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी कॅनडातील विनिपेग येथे झाला. उंची बेताची, पण बास्केटबॉलचा ध्यास मोठा. शाळेत सुरुवातीला त्याला फारसे खेळावयास मिळत नसे. तरी चिकाटीच्या बळावर त्याने पुढे विद्यापीठाच्या संघात स्थान मिळविले. मार्च १९७७ मध्ये उजव्या गुडघ्याचे दुखणे हाडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. वय अवघे १८. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने एक मासिक आणून दिले. कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम यांची हकीकत त्यात होती.

पुढे सोळा महिने केमोथेरपी चालली. केस गळाले. पण याच काळात, रिक हॅन्सन यांच्या निमंत्रणावरून, तो चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉल खेळू लागला. आम्हांस हा काळ त्याच्या धावेहूनही मोलाचा वाटतो. कारण तेव्हा टाळ्या वाजविणारे कोणी नव्हते. भोवती होते ते रुग्णालयातील सोबती, त्यांत लहान मुलेही. त्यांच्या वेदना तो विसरू शकला नाही. संशोधनाला पैसा हवा, हे त्याने तेथेच ओळखले. १९७९ साली प्रिन्स जॉर्ज येथील शर्यतीत तो सर्वांत शेवटी पोहोचला.

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो देश ओलांडण्यास निघाला. डग अल्वर्ड हा मित्र गाडी घेऊन सोबत होता. मांडीच्या खुंटाला जखमा होत, रक्त येई. वैद्यकीय तपासण्या मात्र त्याने टाळल्या. या एका बाबतीत आमच्या मुलांनी त्याचे अनुकरण करू नये. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर रोजी, थंडर बे शहराजवळ खोकल्याने व छातीतील वेदनेने त्यास थांबविले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता.

प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर, हे त्याचे उद्दिष्ट फेब्रुवारी १९८१ मध्ये पूर्ण झाले. जमलेली रक्कम २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक होती. २८ जून १९८१ रोजी, तेविसाव्या वाढदिवसाच्या एक महिना आधी, तो निवर्तला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली दौड झाली. त्या दौडीत पहिला-दुसरा क्रमांक काढीत नाहीत.