संतशिरोमणी श्री नामदेव महाराज : पंढरीची पायरी ते पंजाबातील घुमान

संतशिरोमणी श्री नामदेव महाराजांचा जन्म शके ११९२, म्हणजेच इ.स. १२७० मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. पिता दामाशेटी, माता गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे या घराण्याचे मूळ गाव. महाराजांचे बालपण मात्र पंढरीत, श्रीविठ्ठलाच्या सान्निध्यात गेले. देवाने बाल नामदेवांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष ग्रहण केला, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते.

पंढरी सोडून क्षणभरही राहू नये, अशी त्यांची वृत्ती होती. संत गोरोबाकाकांनी संतमंडळींची परीक्षा घेतली, तेव्हा गुरूवाचून नामदेवांचे मडके कच्चे ठरले, अशी आख्यायिका आहे. व्यथित अंतःकरणाने ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याकडे गेले. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी ते पाय उचलून जेथे जेथे ठेवले, तेथे तेथे पिंडी प्रकट झाली. देव एका स्थळी बांधलेला नाही, हा बोध त्यांना लाभला.

पुढे श्री ज्ञानेश्वर महाराजांसमवेत त्यांनी तीर्थयात्रा केली. इ.स. १२९६ मध्ये माउलींनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. तो वियोग हृदयी धरून नामदेव महाराज भक्तीचा संदेश घेऊन उत्तरेस निघाले आणि पंजाबात, आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे स्थिरावले. तेथे त्यांनी सुमारे वीस वर्षे वास्तव्य केले, असे परंपरा मानते. ज्यांना पंढरीचा विरह साहवत नव्हता, त्यांना परक्या मुलखातही विठ्ठलच भेटला.

इ.स. १६०४ मध्ये श्री गुरू अर्जनदेवजींनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात महाराजांची हिंदी पदे आदराने समाविष्ट झाली. श्री गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शीख बांधव त्यांना भगत नामदेव म्हणून वंदन करतात. घुमान येथे त्यांच्या स्मरणार्थ गुरुद्वारा असून माघ महिन्यात मोठा मेळा भरतो. इ.स. २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच भूमीत संपन्न झाले.

शके १२७२, म्हणजेच इ.स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस महाराज पंढरपूरच्या महाद्वारी समाधिस्थ झाले, ही वारकरी परंपरा. त्यांनी घुमान येथेच देह ठेवला, ही पंजाबची श्रद्धा. संतांची चरणधूळ मस्तकी लागावी म्हणून त्यांनी पायरी होणे पत्करले. आज त्याच नामदेव पायरीवर माथा टेकून भाविक राउळात प्रवेश करतात.

इ.स. १७०८ मध्ये गोदातीरी नांदेड येथे श्री गुरू गोविंदसिंहजींनी ज्या ग्रंथास गुरुपद दिले, त्यात नामदेवांची वाणी होती. मराठवाड्याच्या मातीतील घराण्याचा हा शब्द पंजाबातून पुन्हा त्याच मातीत गुरुरूपाने परतला. नरसी, औंढा, नांदेड व पंढरपूर या स्थानांचे दर्शन घेणाऱ्या भाविकांनी घुमानचेही स्मरण अवश्य ठेवावे.