जोसेफ हेन्री: चार्जरमधल्या कॉइलमागचा माणूस

वरकुट्यात लाईट गेली की मोबाईल चार्ज करायला मी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरायचो. ५ व्होल्ट मिळवायला आधी साधा ७८०५ लावला. १ अँपिअरला ७ वॉट नुसते उष्णतेत जातात, त्यामुळे तो हात लावू देईना. मग पीडब्ल्यूएम सर्किट केलं: स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद, पुढे एक कॉइल. पहिल्याच दिवशी ट्रान्झिस्टर उडाला. डायोड लावायचा राहिला होता. कारण शोधता शोधता मी जोसेफ हेन्रींपर्यंत पोचलो.

हेन्रींचा जन्म १७९७ चा, अमेरिकेतल्या ऑल्बनीत, गरीब घरात. वडील लवकर गेले. पोरवयातच ते घड्याळवाल्याकडे काम शिकायला लागले. पुढे ऑल्बनी अकादमीत शिकले आणि १८२६ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. तारेवर रेशीम गुंडाळून त्यांनी वेढ्यावर वेढे चढवले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी केलेल्या त्यांच्या चुंबकाने ९०० किलोहून जास्त वजन उचललं!

चुंबकापासून वीज मिळते हे त्यांनाही कळलं होतं, पण छापायला उशीर झाला आणि श्रेय मायकेल फॅरडेंना गेलं. मात्र १८३२ च्या लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. लांब तारेतला प्रवाह अचानक तोडला की मोठी ठिणगी पडते. म्हणजे कॉइल प्रवाह एकदम थांबू देत नाही, त्यासाठी स्वतःच व्होल्टेज वाढवते. माझा ट्रान्झिस्टर यानेच मारला. डायोड असता, तर स्विच बंद झाल्यावर तोच प्रवाह त्यातून फिरून मोबाईलकडे गेला असता.

हेन्री पुढे प्रिन्स्टनला शिकवायला गेले, १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले आणि १८७८ मध्ये वारले. १८९३ च्या शिकागो विद्युत परिषदेत इंडक्टन्सच्या एककाला त्यांचं नाव मिळालं.

आता, सर्किट कोणतं निवडायचं? मोबाईलपुरतं हवं असेल तर एलएम२५९६ घ्या. १५० किलोहर्ट्झ, ३ अँपिअरपर्यंत, स्विच आतच. कॉइल आणि डायोड मात्र बाहेरून लावावे लागतात. बॅटरी चार्ज करताना व्होल्टेज आणि करंट दोन्ही सांभाळायचे असतील तर टीएल४९४ बघा. त्यात दोन एरर अँप्लिफायर आहेत, पण मोठ्या लोडसाठी दणकट स्विच वेगळा जोडावा लागतो.

दोन्हींच्या डेटाशीटमध्ये कॉइलचा आकडा मायक्रोहेन्रीत दिसेल. तो वाचताना ऑल्बनीचे हे मास्तर आठवा, आणि डायोड विसरू नका.