लॉर्ड रॅले : धरणीकंपाच्या लाटेचे गणित मांडणारा देवभीरू शास्त्रज्ञ

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी विहीर खणू लागले म्हणजे आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग पहारीस दाद न देणारा खडक. मऊ कोठे संपले व कठीण कोठे सुरू झाले ही रेघ सहसा सापडत नाही. कठीणपणा हळूहळू वाढत जातो. अशा जमिनीच्या पाठीवरून धरणीकंपाची लाट कशी धावते, या विद्येचा पाया घालणाऱ्या लॉर्ड रॅले यांचे चरित्र शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

त्यांचे मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट. जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात, जमीनदार उमराव घराण्यात झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक, त्यामुळे शाळा वारंवार सुटे. तरी १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. १८७१ साली एव्हलिन बाल्फर यांच्याशी विवाह झाला आणि पुढल्याच वर्षी सांधेज्वराने त्यांना गाठले. हवापालटासाठी ते मिसर देशी गेले व नाईल नदीवर नावेत राहून त्यांनी ध्वनिशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. अंथरुणावरून उठलेल्या माणसाचा हा उद्योग आम्हांस फार मोलाचा वाटतो.

१८७३ साली वडील वारले व उमरावकी त्यांच्याकडे आली. काही वर्षांनी शेतीवाडीचा कारभार भावावर सोपवून टर्लिंग येथील राहत्या घरीच त्यांनी प्रयोगशाळा चालविली. मॅक्सवेल यांच्या मृत्यूनंतर १८७९ पासून पाच वर्षे ते केंब्रिजला प्राध्यापक होते.

१८८५ साली त्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. घन पदार्थाच्या आत न शिरता केवळ त्याच्या पृष्ठभागालगत धावणारी लाट असू शकते, हे त्यांनी गणिताने दाखविले. ही लाट खोल जावी तसतशी विरते. पण चहूबाजूंस न पसरता पृष्ठावरच पसरत असल्यामुळे दूरवर तिचा जोर टिकतो. धरणीकंपात तिचा मोठा वाटा असावा, हेही त्यांनी तेव्हाच सुचविले. पुढे १८९७ च्या आसामच्या धरणीकंपाच्या नोंदी तपासून भारतीय भूवैज्ञानिक खात्यातील ओल्डहॅम यांनी पृष्ठभागावरील लाटा इतर लाटांपासून वेगळ्या ओळखल्या.

रॅले यांनी गणित मांडले ते वरपासून खालपर्यंत एकसारख्या पदार्थाचे. त्यात लहानमोठ्या सर्व लाटांची गती एकच येते. आमच्या विहिरीतल्यासारखी जमीन असली म्हणजे तसे राहत नाही. आखूड लाट वरच्या मऊ मातीतच घुटमळते. लांब लाट खालच्या कठीण थरापर्यंत पोचते, म्हणून अधिक वेगाने जाऊन आधी पोचते. हा फरक मोजून आज इंजिनियर लोक जमिनीवर घण मारतात आणि खड्डा न खणता खालची जमीन किती घट्ट आहे हे सांगतात.

हे आम्ही सविस्तर लिहितो याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस हजारो माणसे दगावली. अशा वेळी ही कोणाच्या पापाची शिक्षा, असा प्रश्न हमखास निघतो, आणि कधी कधी आपल्याच व्यासपीठावरून त्याचे ठाम उत्तरही दिले जाते. शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्यांविषयी प्रभूने काय शिकविले ते लूकच्या तेराव्या अध्यायात शिक्षकांनी मुलांबरोबर वाचावे. किल्लारीची घरे मातीत बसविलेल्या जाड दगडी भिंतींची होती, वर मातीचे जड माळवद होते. हादऱ्यासरशी भिंती सुटल्या आणि निजलेल्यांवर कोसळल्या. धरणीचे नियम ज्याने नेमले त्याची भीती बाळगणे वेगळे, आणि मेलेल्यांवर ठपका ठेवणे वेगळे.

रॅले यांस कीर्ती मिळाली ती मात्र दुसऱ्या कामामुळे. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांपासून केलेल्या नायट्रोजनहून किंचित जड भरतो, ही बारीकशी तफावत त्यांनी सोडून दिली नाही. त्यातूनच १८९४ साली रॅमसे यांच्यासह आर्गॉन वायूचा शोध लागला. १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठास देऊन टाकली.

उतारवयात मृतात्म्यांच्या चमत्कारांची तपासणी करणाऱ्या एका संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. हे आम्हांस रुचत नाही. पण तेथेही त्यांची वृत्ती भाबड्याची नव्हती, तपासून पाहणाराची होती. आपल्या संकलित शास्त्रीय लेखांच्या आरंभी त्यांनी १११ व्या स्तोत्राचे दुसरे वचन छापविले. ३० जून १९१९ रोजी ते टर्लिंग येथे निवर्तले व गावच्या चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली.