उषाबेन, ४२.३४ मीटर आणि चिमूर

१६ ऑगस्ट १९४२ चं चिमूर आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. नागपंचमीचा दिवस, निघालेला मोर्चा, गोळीबार, शाळकरी वयाचा बालाजी रायपूरकर, मग गावात शिरलेलं लष्कर आणि बायकांवर झालेले अत्याचार. दर ऑगस्टमध्ये शाळेच्या भाषणांत हे आपण ऐकलं. पण ही हकीकत त्या दिवसांत चिमूरबाहेर पोचली कशी, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता. वर्तमानपत्रांवर तर निर्बंध होते. ज्या मोजक्या माणसांनी ती देशाला ऐकवली, त्यांत मुंबईची बावीस वर्षांची एक मुलगी होती, उषा मेहता.

त्यांचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावचा. आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात होत्या. वडील इंग्रजी राजवटीत न्यायाधीश, त्यामुळे घरून आधी विरोधच. ते निवृत्त झाल्यावर कुटुंब मुंबईला आलं. उषाबेननी विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि १९४२ मध्ये तो सोडून दिला. ९ ऑगस्टच्या पहाटे सगळे मोठे पुढारी पकडले गेले होते. बाबूभाई ठक्कर नव्हे, बाबूभाई खाकर (नावांची गल्लत पुष्कळ ठिकाणी होते), विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी अशा मित्रांबरोबर त्यांनी गुप्त रेडिओ केंद्र काढायचं ठरवलं. पुढे राममनोहर लोहियाही त्यात आले.

ठरवणं सोपं होतं. सामान कुठून आणायचं? युद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते आणि त्यांची यंत्रं पोलिसांत जमा करायला लावली होती. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून सामान आणि तंत्रज्ञांची मदत मिळाली. नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी रेडिओवाल्यांनी ट्रान्समीटर जोडला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू झाला. केंद्र कुठे आहे, तर भारतात कुठेतरी, एवढंच श्रोत्यांना सांगितलं जाई.

आपल्यातल्या तिघीचौघांना आठवत असेल, दहावीच्या सुट्टीत आपण पुठ्ठ्यावर एका ट्रान्झिस्टरचा रेडिओ जोडला होता. कॉइलला जळक्या पंख्याची तार, एरियल म्हणून कपडे वाळवायची तार. रात्री बारीक आवाजात नागपूर लागायचं. ट्रान्समीटरची मंडळीही मुळात तीच: कॉइल, कंडेन्सर, कंपनं निर्माण करणारा व्हॉल्व्ह, ती वाढवणारा दुसरा व्हॉल्व्ह आणि एरियल. फरक तपासणीत आहे. रिसीव्हर आपण घरी बसून गुपचूप तपासतो, चुकलं तर तार काढून पुन्हा लावतो. ट्रान्समीटरला एरियलऐवजी बल्ब जोडला आणि तो पेटला, तर शक्ती बाहेर पडतेय एवढं कळतं. आवाज कुठवर जातो हे कळायला एरियल लावून बोलावंच लागतं, आणि मग तो पोलिसांनाही ऐकू जातो. फिरत्या एरियलने दिशा घेत घेत ते दारापर्यंत येतात. शिवाय ४२ मीटरच्या लहरीला साधं अर्ध्या लांबीचं एरियल म्हटलं तरी वीस-एकवीस मीटर तार लागते. ती भरवस्तीत लपवायची कशी? म्हणून जागा सतत बदलत राहिल्या. पुढे भाषणं एकीकडे तबकडीवर मुद्रित करायची आणि दुसरीकडून लावायची, अशी सोय केली. मला यातलं हे सगळ्यात हुशारीचं वाटतं.

ही लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येते, म्हणून छोट्या यंत्राचा आवाजही शेकडो किलोमीटर जातो. मुंबईहून चिमूर सरळ रेषेत सातशेच्या आसपास. चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची बातमी याच केंद्राने दिली.

१२ नोव्हेंबरला सगळं संपलं. पोलिसांना जागा कळली ती दिशा शोधणाऱ्या यंत्रामुळे नव्हे. तंत्रज्ञ फुटला. धोक्याची खबर मिळूनही उषाबेन त्या संध्याकाळी केंद्रावर गेल्या. शेवटचं वंदे मातरम् चालू असताना पोलीस आत आले. ते बंद करायला त्यांनी नकार दिला. चौकशीचे सहा महिने एकांतवासात गेले. परदेशी शिक्षणाचं आमिषही दाखवलं गेलं. त्या बोलल्या नाहीत, कोर्टातही नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला. तब्येत बिघडली. १९४६ मध्ये सुटल्या.

नंतर त्यांनी गांधीविचारावर पीएच.डी. केली आणि १९८० पर्यंत राज्यशास्त्र शिकवलं. आपल्या सर-बाईंना हा भाग जास्त आवडेल. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ९ ऑगस्ट २००० ला अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या होत्या. ११ तारखेला त्यांचं निधन झालं.