लोकपरंपरा आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी : नारायण वामन टिळक यांचे जीवन

फुलामुलांचा कवी ही नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची ओळख मराठी वाचकाच्या मनात पक्की बसली आहे. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'केवढे हे क्रौर्य' या कवितांमुळे ती रूढ झाली आणि पाठ्यपुस्तकांनी ती टिकवली. मात्र या ओळखीमागे एक अधिक बिकट प्रश्न झाकला गेला. ज्या समाजात आपण जन्मलो, त्याच्या गाण्यांत, कथनांत आणि सणावारांत आपला नवा धर्म घेऊन कसे राहावे, हा तो प्रश्न होय. चोवीस वर्षे टिळक ख्रिस्ती होते, आणि ही सर्व वर्षे त्याच प्रश्नाच्या सोडवणुकीत गेली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने तापट. आई जानकीबाई मृदू व काव्याची आवड असलेली. आईच्या अकाली मृत्यूनंतर नारायणरावांचे घराशी असलेले नाते तुटल्यासारखेच झाले आणि ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण थोडेच झाले, तेही खंडित. जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. विवाहानंतरची वर्षे गावोगाव भटकण्यात गेली. शिक्षकी, पुराणकथन, व्याख्याने, शीघ्रकवित्व अशा नाना मार्गांनी ते चरितार्थ चालवीत. या भटकंतीची हकिगत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे सर्वपरिचित आहे. येथे एवढेच नोंदवावे की, श्रोत्यांसमोर उभे राहून रसाळ बोलण्याचे व गाण्याचे देशी तंत्र टिळकांनी ख्रिस्ती होण्यापूर्वीच कमावले होते. प्रचारासाठी ते त्यांना नव्याने शिकावे लागले नाही.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला गेले. वैदिक वाङ्मयाच्या संकलनाचे काम आणि 'ऋषि' या मासिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. बाह्यतः शास्त्री म्हणून प्रतिष्ठा वाढत असतानाच जातिभेद आणि कर्मकांड यांविषयीची त्यांची अस्वस्थताही वाढत होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड या अमेरिकन मिशनऱ्याची गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी टिळक पोहोचले आणि तेथेच अडकले. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. मराठी संतकवींचे इंग्रजी अनुवाद करणारे अ‍ॅबट ते हेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

या धर्मांतराची कौटुंबिक किंमत जबर होती. पत्नी मुलासह माहेरच्या माणसांत राहिली. सोवळेओवळे, पंक्ती, पाणी या दैनंदिन गोष्टींनी पतिपत्नींना वेगळे केले. कालांतराने लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा मधला काळ केवळ दांपत्यजीवनातील वियोगाचा नाही. धर्म बदलला म्हणजे नक्की काय बदलते, हा प्रश्न त्या घरात सिद्धान्ताच्या पातळीवर आला नाही. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला. लक्ष्मीबाईंचे सोवळे ज्या क्रमाने गळून पडले, तो क्रम कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथापेक्षा अधिक बोलका आहे.

टिळकांचे कार्यक्षेत्र ठरले ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर). रॉबर्ट ह्यूम यांच्या सहवासात तेथील ईश्वरज्ञान विद्यालयात ते शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती मंडळींची उपासना त्यांनी जवळून पाहिली ती येथेच. मराठी ख्रिस्ती उपासनेत तेव्हा इंग्रजी गीतांची भाषांतरे प्रचलित होती आणि ती पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. इंग्रजी चाल आघातांवर उभी असते. मराठी शब्दाला तसा ठाम आघात नाही, त्याची लय अक्षरसंख्येवर अथवा मात्रांवर तोललेली असते. परिणामी शब्द भलत्याच ठिकाणी तुटत, ऱ्हस्वाचे दीर्घ होई, आणि गाणाऱ्याला अर्थाचा धागा सापडत नसे. हा दोष छंदःशास्त्राचा वाटला तरी तो तेवढाच नव्हता. रविवारी देवाशी एका भाषेत आणि उरलेले सहा दिवस शेतात, जात्यावर, बाजारात दुसऱ्या भाषेत बोलणारा समाज त्यातून तयार होत होता.

टिळकांपूर्वी कोणी या दिशेने पाहिलेच नव्हते, असे मानणे अन्यायाचे ठरेल. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्येच ओवीत अवतरले होते, जरी रोमन लिपीमुळे ते देशावरच्या वाचकापासून दूर राहिले. खुद्द नगरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांचे वेगळेपण आरंभाचे नाही. निवडीमागच्या विचाराचे आहे. भोवतालच्या लोकप्रिय परंपरेशी वागण्याचे दोन मार्ग त्यांच्यासमोर होते. एक वर्जनाचा : जुन्या परिसरातील सर्वच मूर्तिपूजेने विटाळलेले, म्हणून त्याज्य. नवख्रिस्त्यांच्या पहिल्या पिढ्यांना हा मार्ग स्वाभाविक वाटला, आणि त्यांना सोसाव्या लागलेल्या बहिष्काराचा विचार करता तो समजण्यासारखाही आहे. दुसरा मार्ग उसनवारीचा : लोकांना आवडते म्हणून चाल घ्यावी आणि तीत आपले शब्द भरावेत. टिळकांनी दोन्ही नाकारले. अभंग, ओवी, आरती, भूपाळी, पाळणा हे त्यांना दुसऱ्याकडून घ्यायचे साहित्य वाटत नव्हते. ती आपली वडिलार्जित संपत्ती आहे आणि धर्मांतराने वारसाहक्क बुडत नाही, अशी त्यांची धारणा होती. तुकारामाने बांधलेल्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघडपणे सांगत. विद्वान शास्त्र्याच्या तोंडचे हे विधान बारकाईने पाहिले पाहिजे. ज्या वैदिक वाङ्मयावर त्यांनी नागपुरात परिश्रम केले, त्याला त्यांनी पूल म्हटले नाही. तो मान बहुजनांच्या तोंडी असलेल्या अभंगाला दिला.

या निवडीची कसोटी त्यांच्या रचनांत दिसते. सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा मोठा अभंग त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला. संतांच्या नाममुद्रेच्या जागी 'दास' ही मुद्रा योजली. वारकरी ज्या आर्ततेने विठ्ठलाला माउली म्हणतो, त्याच आर्ततेने टिळक ख्रिस्ताला आई आणि गुरू मानतात. पाश्चात्त्य भक्तिगीतांत राजा, मेंढपाळ, सेनापती या प्रतिमा प्रमुख होत्या. मातृत्वाची प्रतिमा मराठी भक्तीनेच त्यांना पुरवली. मात्र सरसकट स्वीकार येथे नाही. कर्मविपाक व पुनर्जन्म यांना त्यांच्या पदांत स्थान नाही, मूर्तीचे वर्णन नाही, आणि पापक्षमेची कल्पना कोठेही सैल होत नाही. संतवाणीतील विरह त्यांनी घेतला. अद्वैताच्या अनुभूतीपाशी मात्र ते संकोचतात, काही अभंगांत तर तिच्या अगदी काठावर येऊन थांबतात. त्यांच्या धर्मकाव्यातील सर्वांत जिवंत भाग हाच आहे. पुढे 'उपासना संगीत' या नावाने रूढ झालेल्या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. गावोगावच्या मंडळींत टाळ, तबला आणि पेटीच्या साथीने ती गायिली गेली, कित्येकदा रचनाकाराचे नाव ठाऊक नसताना.

एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. नगर जिल्ह्यातील खेड्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती महार समाजातून आलेले होते. टिळकांनी ज्याला मराठी परंपरा मानले, ती मुख्यतः वारकरी संतांची आणि कीर्तनकारांची परंपरा होती. तमाशा, ढोलकी, गोंधळ, पोवाडा यांत रुजलेली जी लोककला होती, तिच्याविषयी त्यांच्या काळातील पांढरपेशा सुधारकांप्रमाणे टिळकही दूरस्थच राहिले. जातिभेद त्यांनी आचरणातून निश्चयाने दूर केला. अभिरुचीची उतरंड मात्र इतक्या सहजासहजी मोडली नाही. तरीही अभंग हा या दोन्ही थरांना सामाईक होता. चोखामेळ्याचा वारसा सांगणाऱ्या भजनी मंडळांना तो परका नव्हता, आणि टिळकांची पदे खेड्यांत रुजली याचे हे एक कारण दिसते.

चर्चच्या चार भिंतींबाहेर टिळक मराठी साहित्यविश्वाचे सन्मान्य घटक राहिले. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाला बालकवी ही उपाधी मिळाली. हाच तरुण पुढे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. तो हिंदूच राहिला आणि टिळकांनी त्यास धर्मांतराचा आग्रह केला नाही, ही गोष्ट त्या घराच्या वातावरणाविषयी पुष्कळ सांगून जाते. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही टिळकांकडे होते. १८४२ मध्ये निघालेल्या या मिशनरी पत्रात त्यांनी कविता आणि देशस्थितीवरील लेखन यांना हक्काची जागा मिळवून दिली. ख्रिस्ती वाचकाने केवळ धार्मिक मजकूर वाचावा, हे त्यांना मान्य नव्हते.

परंतु घेतलेला काव्यप्रकार घेणाऱ्याकडूनही काही मागतो. अभंग ज्यांनी गायिला त्या संतांपैकी कोणी गाण्याचे वेतन घेतले नव्हते. संतांच्या छंदात भक्ती गाणारा कवी परदेशी मिशनचा पगारी सेवक असावा, ही विसंगती टिळकांना वर्षानुवर्षे टोचत राहिली. श्रोत्यांनाही ती दिसतच होती : कीर्तनकाराच्या वैराग्याला महाराष्ट्रात प्रामाण्य असते, आणि पगारी वैराग्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, भगवी वस्त्रे धारण केली आणि ते साताऱ्यास राहू लागले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. बाप्तिस्म्याचे महत्त्व यामुळे उणावेल, ही भीती चर्चच्या वर्तुळात व्यक्त झाली, आणि ती निराधार म्हणता येत नाही. एखाद्या मंडळीची सीमारेषा पुसून टाकणे आणि तिचा दरवाजा उघडा ठेवणे या दोन गोष्टींतील अंतर टिळकांनी पुरते स्पष्ट केले नाही. त्यासाठी त्यांना वेळही मिळाला नाही. जेमतेम दीड वर्षात प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.

'देवाचा दरबार' संस्थापकामागे फार काळ टिकला नाही. ज्यांनी पुढे टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, त्या जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली; देशी वेष, देशी संगीत आणि आश्रमीय राहणी यांचा जो अंगीकार तेथे दिसतो, त्यामागे टिळकांचे उदाहरण होते. १९०९ मध्ये टिळकांनी आरंभिलेले ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांपाशीच थांबले होते. औपचारिक शिक्षण न झालेल्या, सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून ते पुढे नेले. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या ओव्यांत टिळकांचे संस्कृत पांडित्य नाही; जात्यावरच्या ओवीची घडण मात्र आहे.