डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

आंध्रातील भीमवरम् येथे १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बारावांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी हा मुलगा काशीच्या यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवावे म्हणून घरातून पळाला. आई व्यंकम्माने त्याला परत आणून शाळेत बसविले. पुढे त्याला संन्यास घेऊन रामकृष्ण मठात जायचे होते. त्यालाही माउलीने नकार दिला. मॅट्रिकची परीक्षा तो तिसऱ्या खेपेस उतरला. एवढ्या अपयशानंतरही आईने धीर सोडला नाही, हे मला फार मोठे वाटते.

मद्रासच्या वैद्यकीय कॉलेजात गांधीजींच्या हाकेला मान देऊन ते खादी वापरू लागले. इंग्रज प्राध्यापकाला ते रुचले नाही व सुब्बारावांना कमी दर्जाची पदवी मिळाली. याच सुमारास संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ गेले. स्वतः सुब्बारावही त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, ते आयुर्वेदिक औषधांनी बरे झाले. हे दुःख उराशी घेऊन ते अमेरिकेस निघाले. जाण्यास सासऱ्यांनी मदत केली. मागे तरुण पत्नी शेषगिरी राहिली. तिला मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. सुब्बाराव पुन्हा कधी मायदेशी आलेच नाहीत. थोरांच्या चरित्रात अशा स्त्रियांना एक ओळ मिळते. मीही दोन-चारच लिहिल्या.

बोस्टनला त्यांनी इस्पितळात रोग्यांची मलमूत्राची भांडी धुऊन पोट भरले आणि हार्वर्डमध्ये अभ्यास केला. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची फिस्के व सुब्बाराव यांची रीत १९२५ साली प्रसिद्ध झाली. १९४० पासून ते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तेथे त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ साली फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार केले. संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

भगिनींनो, गरोदरपणी आपण ज्या गोळ्या घेतो त्यातले हेच फॉलिक ॲसिड. शरीरातील प्रत्येक नवी पेशी घडायला ते लागते. कॅन्सरच्या पेशी तर भराभर वाढतात, म्हणून त्यांना ते फार हवे असते. सुब्बारावांच्या मंडळींनी त्याच्यासारखेच दिसणारे एक खोटे औषध बनविले, ॲमिनोप्टेरिन. कुलपात खोटी किल्ली अडकली की खरी आत जात नाही, तसे हे औषध अडून बसते व पेशीची वाढ थांबते. बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या १६ मुलांना ते दिले. १० मुलांना उतार पडला. तो टिकला नाही, रोग उलटला. परंतु तोपर्यंत या रोगावर उपायच नव्हता. १९४८ साली हे प्रसिद्ध झाले. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या या कॅन्सरवर देतात, आणि आता इतर औषधांच्या जोडीने पुष्कळ मुले बरी होतात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सांधेदुखीसाठी हीच गोळी आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. खोटी किल्ली चांगल्या पेशींनाही अडविते, म्हणून तोंड येते, रक्त कमी होते. त्यासाठी इतर दिवशी डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात. एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतली दोन औषधे, एक बांधणारे व एक सोडविणारे, एकाच डबीत!

आमच्या विदर्भात हत्तीपायाच्या गोळ्या घरोघर वाटतात. रक्तातील जंतांची पिल्ले मारणारे हे औषधही १९४७ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून आले. डासामार्फत एकाचा रोग दुसऱ्याला जातो तो त्या पिल्लांमुळेच, म्हणून पाय चांगला असणाऱ्यांनीही गोळी घ्यायची असते. पुष्कळ बायका ती पदराला बांधून ठेवतात नि विसरतात!

डॉ. डग्गर यांनी मातीतल्या बुरशीसारख्या जीवापासून ऑरिओमायसिन शोधले, तेही सुब्बारावांच्या देखरेखीखाली. ते रोगजंतूंना मारीत नाही, त्यांचे प्रथिन बनविण्याचे काम बंद पाडते. मग आपले शरीर त्यांचा निकाल लावते. १९४८ च्या उन्हाळ्यात ते जगापुढे आले आणि त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच वारले. वय अवघे ५३. ते शेवटपर्यंत हिंदी नागरिकच होते. १९९५ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.